अळणी पंगत

"प्रमे, जीभ आवर. देव जेवायचाय अजून."

पंचावन्न वर्षं झाली, तरी गिरजामावशीचा हा आवाज प्रमिलाच्या, गावाच्या झोपेकाकूंच्या, कानातून गेला नव्हता. गिरजामावशी म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. तापीकाठच्या पाचपन्नास गावांतल्या लग्नांचा स्वयंपाक तिच्या हातचा. बारा वर्षांची प्रमिला तिच्या हाताखाली जायची, आणि पातेल्याकडे बोट वळलं की धुरापलीकडून हा आवाज यायचा. मागोमाग मावशी वरण ढवळता ढवळता गुणगुणायची,

मिठाचा गं खडा बाई, मुठीनं मोजावा
देवाच्या आधी कसा जिभेनं चाखावा

आणि पंगत बसली, की वाढायला निघालेल्या बायकांना ऐकू जाईल अशी दुसरी,

पंगतीचं अन्न बाई, मानावं गं गोड
अन्नाला नाव ठेवी, त्याची जीभ द्वाड

या दोन ओव्यांवर प्रमिलानं जन्मभर स्वयंपाक केला. रांधताना चाखलं नाही, आणि जेवणाऱ्यानं नाव ठेवलं नाही. रांजणखेड्यात म्हण पडली होती, झोपेकाकूंची मूठ म्हणजे तराजू.

म्हणूनच तिच्या जिभेची चव गेली, तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

चार वर्षांपूर्वी ती पंधरा दिवस तापानं पडून होती. साखरेचा आजार तर आधीपासूनचाच. ताप उतरला, पण तोंडात काही परतलं नाही. वास यायचा. फोडणीतला हिंग कळायचा, भाजलेल्या वांग्याचा धूर कळायचा. मीठ तेवढं कळायचं नाही. जेवायला बसली की सगळं अळणी. आज मूठ हलकी पडली वाटतं, म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी मूठ जरा सैल सोडायची. तिसऱ्या दिवशी आणखी जरा. समोर वामनराव बसलेले असायचे, तिचे यजमान, एसटीच्या डेपोत पस्तीस वर्षं इंजिनं उघडून झाकलेला माणूस. ते खाली मान घालून जेवायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "छान झालंय."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा रक्तदाब एकाएकी चढला आणि डावा हात लुळा पडला. दवाखान्यात तिनं नेलेल्या डब्यातून तिचा भाऊ दोन घास जेवला. जेवला आणि पाण्याची बाटली रिकामी करून म्हणाला, "अक्का, आज मीठ दोनदा पडलं का गं?"

"पडलं असेल. गडबडीत होते," ती म्हणाली.

पण ते आजचं नव्हतं, हे तिला त्याच क्षणी उमगलं. त्या दिवसापासून घरचं मीठ ती मापाच्या चमच्यानं घालू लागली आणि बाकीचं पोटात ठेवू लागली. चव गेली म्हणायचं, तर कधी गेली ते सांगावं लागणार. आणि कधी गेली ते सांगितलं, की वामनरावांचा हात कुणाच्या मुठीनं गेला, ते सांगायला दुसरं कुणी लागणार नव्हतं.

*

त्या दिवसांत रांजणखेडं म्हातारं झालं होतं. नुसतं रांजणखेडंच कशाला, सगळा मुलूखच. पोरं सुरतेला, पुण्याला, कुणी आणखी लांब. मागे राहिलेली माणसं सत्तरीची, ऐंशीची. घरटी एक पाकीट रक्तदाबाच्या गोळ्यांचं, एक साखरेच्या. पूर्वी उपाशी राहून माणसं खंगायची. आता भरल्या डब्यांपुढं खंगत होती. मीठ सोडा म्हटलं की त्यांनी जेवणच सोडलं. चहा-टोस्टावर दिवस ढकलायचा आणि संध्याकाळी चोरून लोणच्याची फोड चाटायची. दंडाचं मांस आटायचं, पायातलं बळ जायचं, आणि मग एक दिवस न्हाणीत पाय घसरायचा.

सरकारनं त्यावर गावोगाव 'ज्येष्ठांची पंगत' काढली होती. दुपारचं एक जेवण, सगळ्यांनी मिळून. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, मुगाचे वाफवलेले फुनके, वरण, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, ताक. मीठ काट्यावर मोजून, पूर्वीच्या निम्म्याहून कमी. रांजणखेड्याच्या पंगतीला त्रेसष्ट पानं, आणि स्वयंपाकाची मुख्य प्रमिला.

पंगतीत सगळे म्हणायचे, छान. आणि ताटं अर्धी भरलेली परत यायची.

खरं काय ते बाहेरच्या ओट्यावर निघायचं. भांडी घासायच्या जागेला एक खिडकी होती. तिथून प्रमिलाला सगळं ऐकू यायचं.

"या वरणात तूर आहे याला पुरावा काय?" बोंडे गुरुजी विचारायचे. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. पुराव्याशिवाय बोलायचे नाहीत.

"पिवळं दिसतंय की," चौऱ्याऐंशीच्या कौशल्याबाई वारके म्हणायच्या.

"पिवळी तर माझी कावीळही होती."

"मग मघाशी त्या प्रमिलेला छान कशाला म्हणालात, दुतोंडे कुठले?"

"तोंडावर नाव ठेवायचं का अन्नाला? माझ्या आईनं असं नाही शिकवलं."

महिन्याच्या शेवटी जिल्ह्याहून तपासणी यायची होती. ताटं अशीच परत जात राहिली, तर पंगत बंद होणार आणि घरोघर पोषणपावडरीची पुडी येणार, असं पत्रच आलं होतं. पाण्यात ढवळा आणि एकटं बसून प्या.

याच महिन्यात डॉ. केतकी फालक आपला चमचा घेऊन आली.

*

केतकी मूळची शेजारच्याच गावची, तेहतीस वर्षांची, पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी. साध्या चमच्यासारखा चमचा. काठावर मात्र केसाएवढ्या दोन पट्ट्या आणि मुठीत इवलीशी बॅटरी. तो तिनं बोंडे गुरुजींच्या हातात दिला.

"मीठ म्हणजे काय गुरुजी? पाण्यात विरघळलं की त्याचे विजेचा भार असलेले कण होतात. ते जिभेवरच्या पेशींत शिरतात, पेशी नसेला सांगते, नस मेंदूला. मीठ कमी केलं की कणही कमी, निरोपही क्षीण. हा चमचा अगदी मंद वीज सोडतो. घासातले कण क्षणभर जिभेपासून मागे ओढून धरतो आणि मग एकदम सोडतो. बांध घालून पाणी अडवावं आणि दार उघडावं, तसं. पाणी तेवढंच, पण लोंढा मोठा. मेंदूला वाटतं, मीठ बरोबर आहे."

"म्हणजे मेंदूला फसवायचं," गुरुजी म्हणाले.

"इतकी वर्षं लोणच्यानं आम्हांला फसवलं, आता आपण फसवू," कौशल्याबाई म्हणाल्या.

असे चमचे परदेशात पूर्वीही होते. केतकीचं वेगळेपण पुढं होतं. बांधाचं दार केव्हा आणि किती उघडायचं, हे तिचा चमचा एका माणसाकडून शिकायचा. ज्याला त्या मुलखाची चव पक्की ठाऊक, अशा माणसाच्या हनुवटीखाली एक पट्टी चिकटवायची, त्याला बरोबर मिठाचा घास द्यायचा, आणि जिभेची नस मेंदूला जे पत्र लिहिते त्याची नक्कल उतरवून घ्यायची. तीच नक्कल मग सगळ्यांच्या चमच्यात.

"त्या माणसाला आम्ही प्रमाण जीभ म्हणतो," केतकी म्हणाली आणि प्रमिलाकडे वळली. "काकू, अकरा तालुक्यांत विचारलं. सगळ्यांनी तुमचंच नाव सांगितलं."

ओट्यावर टाळ्या झाल्या. वामनरावांनी उजव्या हातानं मांडीवर थाप मारली. प्रमिला पदराला हात पुसत राहिली; हात कोरडेच होते.

"मी चाखत नाही गं," ती म्हणाली. "मावशीची शिकवण. नैवेद्याआधी नाही."

"नैवेद्य दाखवू, मग चाखा. मी थांबते."

आता पळायला वाट नव्हती. देवापुढं पान ठेवलं, पाणी फिरवलं. केतकीनं पट्टी चिकटवली, तिची तार लॅपटॉपला जोडली आणि वरणाचा चमचा प्रमिलाच्या तोंडाशी धरला. पडद्यावरची रेघ उन्हाळ्यातल्या तापीसारखी सपाट पसरली.

केतकीनं पट्टी काढली, तिच्याखालचं चिकट जेल बदललं, पुन्हा लावली. भाजी दिली. ताक दिलं. रेघ हलेना.

"पट्टी सैल बसतेय. कसं लागलं काकू? मीठ?"

"बरोबर आहे," प्रमिला म्हणाली.

तीन वेळा जेल बदलून केतकी थकली. "हरकत नाही. पुण्यात एका मुलाची नक्कल उतरवलेली आहे, पंचविशीतला आहे. सध्या तीच भरते."

घरी जाताना वामनराव म्हणाले, "पट्टीतच दोष असणार. तुझ्या जिभेत कुठला?" चालताना त्यांचा लुळा हात तिच्या हाताला लागत होता.

*

पुण्याच्या मुलाची चव भरलेले त्रेसष्ट चमचे चार दिवसांनी आले. पाटावर, खुर्चीवर, ज्याला जसं जमेल तसं सगळे बसले. प्रमिलानं वाढलं. केतकी वही घेऊन रांगेतून फिरू लागली.

"मीठ कसं आहे आजी?"

"छान आहे बाई."

"गुरुजी?"

"उत्तम. विज्ञानाची कमाल आहे."

"काका?"

वामनरावांनी घास गिळला. "छान झालंय."

केतकी वहीत लिहीत होती, छान, छान, छान. आणि प्रमिला वाढता वाढता ताटं बघत होती. बोंडे गुरुजींनी भाकरीखाली भाजी लपवली होती. कौशल्याबाईंनी फुनक्याचे तुकडे करून ताटभर पांगवले होते, खाल्ल्यासारखे दिसावेत म्हणून. केवढी ही मायाळू माणसं, तिच्या मनात आलं. पोरीचं मन मोडू नये म्हणून उपाशी राहतील. पुढच्या महिन्यात पावडरीची पुडी हातात घेऊन एकेकटी घरात बसतील आणि तिलाही छानच म्हणतील.

केतकी रांगेच्या टोकाला पोचली. चेहरा उजळला होता. "म्हणजे चमचा चालला. ताटं का भरलेली आहेत ते बघावं लागेल, पण चवीचा प्रश्न मिटला असंच मी कळवते."

प्रमिलानं वरणाची बादली खाली ठेवली.

"कळवू नकोस," ती म्हणाली.

सगळ्या माना वर झाल्या.

"खोटं बोलतायत सगळे. आणि मी त्यांच्याहून मोठी खोटी. तुझी पट्टी सैल नव्हती, केतकी. मला मीठ कळत नाही. चार वर्षं झाली. त्या दिवशी बरोबर आहे म्हणाले ना, मला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. माझी जीभ आता कसली प्रमाण, दगड आहे नुसता."

केतकी वहीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, मी तीन वेळा जेल बदललं."

"बदललंस. बघत होते मी."

कुणीतरी फिसकन हसलं. कौशल्याबाई. हसता हसता त्यांनी डोळ्याला पदर लावला. "अगं प्रमिले, मग मलाच बाधा झालीय असं का समजत होते मी? मला तर कवळी बसवल्यापासून गूळ आणि माती सारखंच."

"मला रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून," मागून एक आवाज आला.

"माझं तोंडच कोरडं असतं. घास फिरतो नुसता."

बोंडे गुरुजींनी भाकरी उचलली आणि खालची भाजी उघड्यावर आणली. "पुरावा," ते म्हणाले.

वामनराव तेवढे मान खाली घालून बसले होते. तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वर बघितलं नाही.

*

पुढचे बारा दिवस केतकी पुण्याला गेलीच नाही. एकेकाला खिडकीशी बसवून तिनं त्रेसष्ट जिभांच्या रेघा उतरवल्या. एक्केचाळीस जणांची मिठाची जाण मंदावलेली. कुणाच्या शरीरात जस्त कमी पडलेलं, कुणाच्या गोळ्यांनी चव मारलेली, कुणाच्या टाळूवर कवळी, कुणाच्या नसा साखरेनं दमलेल्या. पण दमलेल्या, मेलेल्या नव्हेत. जोरानं हाक मारली की बहुतेक नसा ओ देत होत्या.

"चूक माझी," ती एका दुपारी प्रमिलाला म्हणाली. दोघी मिळून शेंगा सोलत होत्या. "सगळ्यांसाठी एक जीभ शोधत होते मी. तरुण जिभेनं लिहिलेलं पत्र म्हाताऱ्या नसेला बारीक अक्षरातलं वाटतं, वाचताच येत नाही. आता प्रत्येकाचा चमचा आधी त्याच्या मालकाकडून शिकेल. ज्याला जेवढी मोठी अक्षरं लागतील, तेवढी."

"आणि दर महिन्याला पुन्हा शिकेल का? म्हातारपण एका जागी बसत नाही गं."

केतकीनं सोलणं थांबवलं, मोबाइल काढला आणि ते लिहून घेतलं.

गोळ्या बदलल्या, जस्त सुरू झालं, दोघांच्या कवळ्या नव्या झाल्या. प्रमिलानंही आपली एक गोष्ट केली. पंगतीला तिनं नियम घातला, पहिल्या घासाला प्रत्येकानं काहीतरी नाव ठेवायचंच. नाव ठेवणार नाही त्याला ताक मिळणार नाही. पहिल्या दिवशी लोक लाजले. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी वरणावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. चौथ्या दिवशी कौशल्याबाईंनी बसल्या जागी ओवी जुळवली,

नाव ठेव अन्नाला, मोकळं बोल बाई
मुक्या गं पंगतीचं पोट भरत नाही

तपासणीचे साहेब आले त्या दिवशी ताटं घासायला फारशी मेहनत लागली नाही. साहेबांनी वजनाची नोंद बघितली, त्रेसष्टांपैकी पन्नासांची घसरण थांबलेली. अकराही तालुक्यांना असे चमचे देता येतील का, हे त्यांनी केतकीला विचारलं, आणि मग जरा चाचरत, आपल्या आईला आणलं तर चालेल का, तेही.

प्रमिलाचा चमचा सर्वांत शेवटी तयार झाला. तिच्या नसेला फार मोठी अक्षरं लागत होती. केतकीनं वरण भरून तो तिला दिला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्या घासाला जिभेच्या कडेला एक बारीक टोच आली, लांबून कुणी दार वाजवावं तशी. ती थांबली. पुन्हा घास घेतला. पुन्हा ती टोच.

"काय?" केतकीनं विचारलं.

"कमी आहे," प्रमिला म्हणाली. "चिमूटभर कमी आहे."

*

रविवारी पंगतीला सुटी असायची. त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिनं घरी वांगं भाजलं, सोललं, लाकडी भांड्यात ठेचलं. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. मीठ वामनरावांच्या मापानं, काट्यावर मोजून. वाफाळती भाकरी टाकली. मग एक घास स्वतःच्या चमच्यानं घेऊन चाखला, देवाची क्षमा मागून. दोन ताटं वाढली आणि समोर बसली.

वामनरावांनी उजव्या हातानं भाकरी मोडली. डावा मांडीवर निजलेला होता. त्या हाताकडे बघत ती बोलली. एका दमात बोलली नाही तर पुन्हा बोलणं होणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"अहो, पंगतीत मी अर्धंच सांगितलं. चव गेली, ते सांगितलं. चव गेल्यावर दोन वर्षं या घरात मी मीठ वाढवत गेले, ते नाही सांगितलं. रोज मला अळणी लागायचं आणि रोज मी मूठ सैल सोडायचे. तुमचा हात त्यानं गेला. दवाखान्यातच मला कळलं होतं. दोन वर्षं तुमच्या अंगाला तेल लावतेय आणि गप्प बसलेय."

वामनराव चावायचे थांबले. घास गिळला. पाण्याच्या तांब्याकडे हात नेला आणि तसाच परत आणला.

"एकट्या मिठानं जात नाही हात," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय. वय होतं, तंबाखू होती."

"मला समजावू नका."

"समजावत नाहीये." ते थांबले. पस्तीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस; त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तू तापातून उठलीस, त्याच्या पुढच्याच आठवड्यात मला कळलं होतं. वरणात. म्हटलं, आजारातून उठलीय, होईल ठीक. मग रोजचंच झालं. तुला वाटलं, मला कळत नाही?"

प्रमिलाचा घास हातातच राहिला.

"मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार? लग्न झालं तेव्हापासून गावभर ऐकतोय, झोपेकाकूंची मूठ म्हणजे तराजू. तूही तेवढ्याच एका गोष्टीवर ताठ उभी होतीस. नाव ठेवलं असतं, तर तू पळी ठेवून दिली असतीस. मला वाटलं, मीठच तर आहे, पाणी जास्त पिऊ. मशीन कुरकुरतंय हे ऐकू येतंय, आणि झाकण लावून गाडी रस्त्यावर सोडायची. डेपोत कुणी असं केलं असतं, तर मी त्याला घरी पाठवला असता."

त्यांनी ताट जरा पुढं सारलं, हात पुसला आणि पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"खारट होतं, प्रमिला," ते म्हणाले. "दोन वर्षं रोज खारट होतं."